बाबांसाठी रविवारची दुपार ते रात्र: निसर्ग आणि इतिहासाचे कार्यक्रम कुठले लावू?

कर्वेनगरची_मंजिरी
शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे पण इथे दूरदर्शनच्या काळातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

माझे बाबा ७८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. दीड महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन बेडरूम ते हॉल एवढं येतात आणि मग दुपारी दोनला जे टीव्हीसमोर बसतात ते रात्री नऊच्या जेवणापर्यंत. बघतात काय, तर बातम्या. एका स्क्रीनवर आठ चौकोन आणि आठही जण एकदम ओरडतायत, ते. आणि नववे आमचे बाबा. परवा फिजिओथेरपीवाली मुलगी आली, तिनं बीपी बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई यांना दुपारी दुसरं काहीतरी बघायला द्या.

तर निदान रविवारी बातम्या बंद आणि त्याऐवजी प्राणी, जंगल, नद्या, किल्ले, इतिहास असलं काहीतरी दुपार ते रात्र लावावं असं डोक्यात आहे. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर असलं खूप लागायचं एवढं आठवतंय, नावं मात्र आठवत नाहीत. टीव्हीला नेट आहे. बाबांना रिमोटचं फार जमत नाही, म्हणजे लावून मीच द्यायचं. हिंदी-मराठी चालेल, इंग्रजी उच्चार आता पकडता येत नाहीत, डाव्या कानाला कमी ऐकू येतं आणि मागे सतत ढँण ढँण म्युझिक असेल तर चिडतात. चिरंजीव चौथीत आहे तो पण मध्येमध्ये येऊन बसणार, म्हणजे सिंहानं हरीण फाडतानाचा क्लोजअप नको. आणि बाबांची स्वतःची अट, त्यांच्याच शब्दात, "मला कोणी शिकवायला येऊ नका."

सात तास भरायचेत. काय लावू, कुठल्या क्रमानं लावू? आणि ती फुकटवाली सरकारी डिश घ्यावी का?


जुनी_अँटेना
शनिवार, सकाळी ६.१५

मंजिरीताई, पहिली गोष्ट, सात तास भरू नका. आमच्या दूरदर्शनचा सगळ्यात मोठा गुण सांगू का, ते बंद व्हायचं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर टॉवर उभा राहिला, तेव्हा पुण्यात दिसायला लागलं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात एकच टीव्ही, मालकांकडे. कौलांवर अँटेना, तिचं तोंड सिंहगडाकडे, त्यावर कावळा बसला की चित्र गेलं. एक जण वर चढलाय, एक खिडकीत, एक टीव्हीपाशी, आणि तिघांचं "आलं का? गेलं! अरे मगाशी बरं होतं!" चाललेलं. संध्याकाळचे काही तास कार्यक्रम, मध्ये 'व्यत्यय'ची पाटी, रात्री संपलं की संपलं, मग माणसं घरी जाताना जिन्यात त्याच्यावर बोलत बोलत जायची. आठवड्यात काय लागणार ते 'साप्ताहिकी'त आधी सांगायचे, आमची आई ते कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवायची आणि त्याप्रमाणे कुकर लावायची.

तुम्हाला आठवतंय ते दुपारचं, ते बहुतेक यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं. १५ ऑगस्ट १९८४ पासून दुपारी कॉलेजच्या पोरांसाठी राष्ट्रीय नेटवर्कवर कार्यक्रम सुरू केले, बरेचसे इंग्रजीत, पण चित्रं अशी की भाषा न कळणारेही बघत बसायचे. ज्वालामुखी, मुंग्या, हाडांची रचना, काहीही. आपल्या विद्यापीठातल्या मीडिया सेंटरमध्येसुद्धा त्यातले कार्यक्रम बनायचे. आणि शाळेतल्या मुलांसाठी बालचित्रवाणी, ती तर सेनापती बापट रस्त्यावरचीच, तीही १९८४ ची. २०१७ मध्ये बंद केली. त्या रस्त्यानं जाताना अजून मान तिकडे वळते माझी, असो.

आता इतिहास. डोळे झाकून 'भारत एक खोज'. श्याम बेनेगल, ५३ भाग, १९८८-८९, रविवारी सकाळी लागायचं. प्रसार भारतीनं यूट्यूबवर टाकलंय, पैसे नाहीत. सुरुवातीला ऋग्वेदातल्या सूक्ताला वनराज भाटियांनी दिलेली चाल आहे, ती ऐकली की आमच्या पिढीच्या अंगावर अजून काटा येतो. नेहरूंच्या कामात रोशन सेठ, निवेदन ओम पुरींचं, आणि गंमत अशी की तोच ओम पुरी एका भागात अशोक, दुसऱ्यात अल्लाउद्दीन खिलजी, तिसऱ्यात औरंगजेब. शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह. तुमच्या चौथीतल्याला तो भाग दाखवा, इतिहासाचं पुस्तक सध्या तेच चालू असणार.

पण ५३ भाग आहेत म्हणून सगळे लावत बसू नका. दिवसाला एक. फार तर दोन. मध्ये चहा आणि टीव्ही काळा.


बाणेरचा_बंड्या
शनिवार, सकाळी ९.०२

काका सॉरी पण निसर्ग बघायचा तर बीबीसीच. दूरदर्शनचा निसर्ग म्हणजे एक मोर, एक सूर्यास्त आणि मागे बासरी 😄


जुनी_अँटेना
शनिवार, सकाळी ९.२०

बंड्या, बासरीनं बीपी वाढत नाही.


रानवाट_आणि_चिखल
शनिवार, दुपारी १२.३५

मी गेली वीसेक वर्षं भिगवण, सुपे, भीमाशंकर असा भटकतोय, पक्षी बघतो, थोडंफार शूटिंग करणाऱ्यांबरोबर राहिलोय, त्यामुळे निसर्गाच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो, लांबलं तर माफ करा.

बंड्याचं बरोबर आहे, दर्जात बीबीसीच्या जवळ कोणी नाही. अ‍ॅटनबरोंची १९७९ ची ती १३ भागांची पहिली मोठी मालिका, किंवा २००६ ची 'प्लॅनेट अर्थ', आजही बघताना तोंड उघडं राहतं. पण मंजिरीताईंच्या घरी ते चालेल असं मला वाटत नाही, म्हणजे वाईट म्हणून नाही, तर मोठ्या मालिकांमध्ये सात मिनिटं आर्क्टिक, सात मिनिटं ॲमेझॉन, मग वाळवंट, असं पळत असतं आणि म्युझिक ऑर्केस्ट्राचं, एक साधा बेडूक उडी मारतो तरी मागे दोनशे व्हायोलिन. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला निवेदन त्यात बुडून जातं. त्यांच्यासाठी एकाच जागेवरची फिल्म बघा. एक तळं, एक जंगल, एक ऋतू. आणि शक्यतो जी जागा त्यांनी स्वतः पाहिलीय ती.

बाबा पाटबंधारेवाले म्हणालात ना, मग भिगवणपासून सुरू करा! उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं, भीमेचं पाणी पसरलं, कडेला उथळ चिखलाट तयार झाली आणि आता हिवाळ्यात तिथं हजारोंनी रोहित उतरतात. धरण बांधताना कोणाच्या नकाशावर फ्लेमिंगो नव्हते. बाबांना सांगा, पाणी तुमच्या खात्यानं अडवलं, पाहुणे आपले आपण आले. यावर ते गप्प बसणार नाहीत, मी लिहून देतो. नातवासाठी वेळासची कासवं. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठचं गाव, २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायचं काम सुरू झालं, साधारण पन्नासएक दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे धावत सुटतात. रक्त नाही, फाडाफाडी नाही, आणि पोरगं शेवटपर्यंत उठत नाही. भीमाशंकरचा शेकरू पण चालेल, आपला राज्यप्राणी, खार म्हणावी तर मांजराएवढी. दूरदर्शनवर आणि बाहेरही या तिन्ही विषयांवर बऱ्याच मराठी-हिंदी छोट्या फिल्म आहेत, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. जर्मनीची सरकारी वाहिनी डीडब्ल्यू, त्यांचे माहितीपट हिंदीतही मिळतात यूट्यूबवर, त्यातले नद्यांवरचे शोधा, शांत असतात.

आता एक आतली गोष्ट. निसर्गाच्या फिल्ममधला आवाज बहुतेक वेळा खरा नसतो. कॅमेरा तीनशे मीटरवरून लांब लेन्स लावून बघतोय, तिथून वाघाच्या पावलाचा आवाज कसा येणार? स्टुडिओत बसून कोणीतरी सुकी पानं चुरगाळत असतो. यात फसवणूक म्हणावी असं मला वाटत नाही, सिनेमासारखंच आहे. पण कधी कधी हद्द होते. भारतातल्या जंगलाच्या चित्रावर ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा पक्ष्याचं हसणं टाकलेलं मी स्वतः ऐकलंय. आणि १९५८ साली एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःहून उड्या मारून जीव देतात असं दाखवलं, जगभर लोकांनी ते खरं मानलं, म्हण झाली त्याची. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून विकत आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं. हे उघडकीला कोणी आणलं, तर १९८० च्या दशकात कॅनडाच्या सरकारी वाहिनीनं. सरकारी टीव्हीचा मला हा उपयोग वाटतो, बासरी तर बासरी.

क्रमाचं म्हणाल तर निसर्ग दुपारी ठेवा. कारण बाबा झोपणार. दोन ते तीन जेवण जड झालेलं असताना देवमासा हळूहळू पोहतोय, तुमचे आमचे कोणाचेही डोळे मिटतील. जाग आल्यावर मासा तिथेच असतो, काही चुकत नाही. इतिहासात तसं नाही, वीस मिनिटं डुलकी लागली की राजाच बदललेला असतो.


कर्वेनगरची_मंजिरी
शनिवार, दुपारी १.१०

😂 राजाच बदललेला! हे बाबांना वाचून दाखवलं. हसले नाहीत पण "हा माणूस कुठला आहे" विचारलं, म्हणजे आवडलंय. आणि उजनीवर लगेच म्हणाले की चिखलाट काय म्हणतो, तो गाळ आहे, आणि गाळ हा धरणाचा रोग आहे, पक्ष्यांना काय त्याचं.


छत्रीवाला_टेक
शनिवार, दुपारी २.४५

डिशचं सांगतो. डीडी फ्री डिश, महिन्याचे पैसे शून्य, डिश आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. सह्याद्री, नॅशनल, भारती सगळं मिळतं. डीडी भारती २००२ पासून आहे, त्यावर नाच-गाणं-वारसा-जुनं असलं लागत असतं. पण घ्यायच्या आधी गॅलरीत उभं राहून बघा, आग्नेय दिशा मोकळी आहे का? सॅटेलाइट ९३.५ अंश पूर्वेला आहे, पुण्यातून डिश आग्नेयेकडे आणि आडवीपेक्षा बरीच वर, साधारण ५९ अंश, अशी लागते. समोर बारा मजली टॉवर असेल किंवा आंब्याचं झाड असेल तर विसरा. जोराचा पाऊस आला की चित्र चौकोनी होतं तेही धरून चला. बॉक्स घेताना एमपीईजी-४ वाला घ्या, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनल येत नाहीत.

सिंहगडाकडे अँटेना वळवायचे दिवस गेले काका, दूरदर्शननं देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद केले.

तुमच्याकडे टीव्हीला नेट आहे तर माझ्या मते डिश नको. यूट्यूबवर प्लेलिस्ट करा, शनिवारी रात्री एकदा सगळं उघडून बघून ठेवा, आणि ऑटोप्ले बंद करा हे विसरू नका. नाहीतर कासवानंतर आपोआप तेच आठ चौकोन येऊन बसतील. प्रसार भारतीचं वेव्ह्ज नावाचं ॲप पण आलंय २०२४ च्या नोव्हेंबरपासून, जुनं दूरदर्शन त्यातही आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसला साउंड मोड असतो, तो लावला की म्युझिक मागे जातं आणि बोलणं पुढे येतं. बाबांच्या कानासाठी हे आधी करा, बाकी सगळं नंतर.


बखर_वाचणारी
शनिवार, सायंकाळी ५.३०

जुनी_अँटेना काकांशी 'भारत एक खोज' बाबत सहमत, पण एक पुस्ती जोडते, कारण मी इतिहास शिकवते आणि डोळे झाकून हा शब्द ऐकला की हात शिवशिवतात.

ती मालिका म्हणजे भारताचा इतिहास नाही, नेहरूंनी सांगितलेला भारताचा इतिहास आहे. त्यांनी ते पुस्तक १९४४ मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. हवं ते पुस्तक मागवावं अशी सोय नाही, पण बरोबर मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखे लोक कोठडीत, त्यांच्याशी बोलून बोलून लिहिलंय. म्हणजे ते जेलमधल्या एका माणसाचं मोठ्यानं केलेलं चिंतन आहे. मालिकेत बेनेगलांनी नेहरूंना मधून मधून पडद्यावर आणून बोलायला लावलंय ते मला फार प्रामाणिक वाटतं, बघणाऱ्याला सारखं लक्षात राहतं की हे कोण सांगतंय. हल्लीच्या मालिकांमध्ये सांगणारा अदृश्य असतो आणि घोडे फार असतात. २०२२ मध्ये दूरदर्शननंच स्वातंत्र्यलढ्यावर ७५ भागांची 'स्वराज' आणली, कष्ट दिसतात, पण मला तरी त्यात तलवारी जास्त आणि कागद कमी वाटला. मत माझं.

पुणेकरांनी कुठला भाग बघावा, तर महात्मा फुल्यांचा. सदाशिव अमरापूरकर आहेत जोतीरावांच्या कामात. ज्यांनी त्यांना फक्त हिंदी सिनेमातला व्हिलन म्हणून बघितलंय त्यांनी तर बघाच. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, बुधवार पेठ, दगडूशेठच्या समोर, आपण रोज त्याच्यावरून स्कूटर काढायचो. वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये उतरवला, तिथं स्मारक व्हायचंय.

इतिहासाचा कार्यक्रम बरा की वाईट ते ओळखायची माझी एक सवय आहे. दहा मिनिटं बघायचं आणि मोजायचं, 'हे आम्हाला कशावरून कळलं' असं कोणी एकदा तरी म्हणालं का? १९९० मध्ये अमेरिकेच्या पीबीएसवर, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक टीव्हीवर, केन बर्न्स या माणसानं त्यांच्या यादवी युद्धावर ९ भाग केले, पाच रात्री ओळीनं दाखवले. युद्ध १८६१ ते ६५ चं, तेव्हा फोटो होते पण सिनेमा नव्हता. तर यानं बहुतेक सगळं फोटो आणि पत्रांवर उभं केलं, कॅमेरा फोटोवरून सावकाश सरकतोय आणि मागे कोणा सैनिकानं बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातंय. कोणी मिशा लावून सेनापती झालेलं नाही. फोटोवरून कॅमेरा सरकवायच्या त्या पद्धतीला व्हिडिओ एडिटिंगमध्ये आता त्याचंच नाव आहे.

आपल्याकडे शिवकाळाचे फोटो कुठून आणणार हे खरं. पण कागद आहेत ना! पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद, इथं पुण्यात आहे, सदाशिव पेठेत राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडीतल्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. एक मोडी पत्र पडद्यावर धरा, एक ओळ वाचा, तिच्यात काय लपलंय ते सांगा, अर्धा तास कोणी हलणार नाही. असा कार्यक्रम मराठीत नियमित व्हावा असं मला फार वाटतं. घोडे भाड्यानं आणण्यापेक्षा स्वस्त पडेल.

मंजिरी, बाबा ७८ चे, म्हणजे पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा चौदा वर्षांचे. १२ जुलै १९६१. पुण्यात होते का?


कर्वेनगरची_मंजिरी
शनिवार, रात्री ९.५०

होते की. शनिवार पेठेत. पण त्यावर ते बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते की पाण्याला आवाज असतो असं पुस्तकात नसतं. मी पण खोदत नाही.

सगळ्यांचे खूप आभार, यादी करून ठेवली, ऑटोप्ले बंद केला, उद्याचं उद्या कळवते.


बाणेरचा_बंड्या
शनिवार, रात्री १०.०५

रात्रीसाठी आकाश ठेवा ताई. नारळीकर सरांची 'ब्रह्मांड' होती दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना बघितलेली, कृष्णविवर म्हणजे काय ते हिंदीत असं सांगायचे की वाटायचं शेजारचे काका गॅलरीतून बोलतायत. आयुकाला, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या खगोल संस्थेत, नंतर विज्ञान दिनाला गेलो तेव्हा लांबून दिसले होते. कोणाला चांगल्या प्रिंटची लिंक सापडली तर टाका. (आणि हो अँटेना काका, तिच्यात बासरी नव्हती.)


कर्वेनगरची_मंजिरी
सोमवार, सकाळी १०.२०

तर कालचा अहवाल.

अडीचला भिगवण लावलं. बाबा पक्षी बघत नव्हते, पाण्याची पातळी बघत होते. "हे मे महिन्यातलं शूटिंग आहे, जानेवारी म्हणून सांगतायत, काठ बघ किती उघडा पडलाय." मला काय कळतंय, पण रानवाट दादा, तुम्ही आवाजाचं लिहिलं होतं तसंच हे असणार. मग कासवं लावली आणि ठरल्याप्रमाणे झोपले, तोंड उघडं टाकून, चक्क दीड तास. रोज दुपारी बातम्या चालू असताना हा माणूस झोपत नाही. चिरंजीवानं कासवं दोनदा बघितली, आता वेळासला कधी जायचं म्हणून मागे लागलाय.

साडेचारला चहा, टीव्ही बंद. इथं पंचाईत झाली, कारण बंद टीव्हीसमोर आम्ही तिघं, बोलायचं काय? पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग मुलानं विचारलं आजोबा धरणाच्या आतून जाता येतं का, आणि मग ते गॅलरी म्हणजे आतला बोगदा, त्यातनं पाणी कुठं झिरपतं, ते कसं मोजतात, असं साडेपाचपर्यंत चाललं. चहाचा दुसरा राउंड झाला. मी मुद्दाम आत जाऊन भाजी चिरत बसले.

नंतर शिवाजी महाराजांचा भाग. मुलाचा आक्षेप, हे पुस्तकातल्या चित्रासारखे दिसत नाहीत. बाबा म्हणाले पुस्तकातल्या चित्रकारानं तरी कुठं बघितले होते. बखर ताई, हे तुमच्या सवयीत बसतं का? नंतर औरंगजेब आणि निवेदक एकच माणूस आहे हे मुलाला कळल्यावर त्याचं बाकी सगळं लक्ष उडालं, शेवटपर्यंत तो फक्त ओम पुरी शोधत होता.

सातनंतर गडबड झाली. यादीत नसलेलं एक मी मध्येच घुसवलं, पुण्याच्या पाण्याच्या इतिहासावर काहीतरी होतं, कुठल्या वाहिनीचं ते सांगत नाही, उगाच कशाला. दिसायला छान, ड्रोनचं शूटिंग, म्युझिक कमी. आणि चौथ्या मिनिटाला त्या निवेदिका बाई म्हणाल्या, मुळा नदीवर असलेलं खडकवासला धरण.

मुळा!!

बाबा वॉकर न घेता उठले. म्हणजे खरंच, खुर्चीच्या हाताला धरून उभे, मी किंचाळले. "मुठा! मुठा! बत्तीस वर्षं!" नंतर बसवलं, पाणी दिलं. बीपी मी मोजलं नाही, धीर झाला नाही. मला वाटलं संपलं, आता उद्यापासून परत आठ चौकोन. पण चिडले तरी चॅनल बदला म्हणाले नाहीत, मागे घ्यायला लावलं, ते वाक्य तीन वेळा ऐकलं, मिनिट आणि सेकंद मुलाकडून वहीत लिहून घेतलं. पुढचं पूर्ण बघितलं आणि आणखी दोन चुका काढल्या, त्यातली एक मला चूक वाटली नाही पण मी काही बोलले नाही.


बखर_वाचणारी
सोमवार, सकाळी १०.४५

बसतं, अगदी बसतं. मिनिट-सेकंद टिपणारा प्रेक्षक मला वर्गात एकही मिळालेला नाही, बाबांना नमस्कार सांगा. आणि चूक न वाटलेली ती चूक कुठली, ते नक्की लिहा.


रानवाट_आणि_चिखल
सोमवार, सकाळी ११.१०

पाण्याच्या काठावरून महिना ओळखला! मी वीस वर्षं तिथं जातोय, मला पण हे सुचलं नव्हतं. परत बघितलं ती फिल्म, कडेला वाळलेली चिकणमाती भेगाळलेली आहे, जानेवारीत एवढी नसते. बाबा बरोबर असण्याची दाट शक्यता. बरे झाले की भिगवणला नेतो, होडीत खुर्ची ठेवायची सोय करू.


जुनी_अँटेना
सोमवार, दुपारी १२.००

मग आता पत्र घाला म्हणावं. दूरदर्शनवरच्या 'सुरभि' कार्यक्रमाच्या वेळी लोक पोस्टकार्डांची पोती पाठवायचे, रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक त्या ढिगातून एक कार्ड उचलायचे, शेवटी स्पर्धेची कार्डं एवढी झाली की पोस्टानं त्यांच्यासाठी वेगळं महाग पोस्टकार्ड काढलं. साधं अजून पन्नास पैशाला आहे. जवळच्या पोस्टात विचारा, आत कपाटात ठेवलेली असतात.


कर्वेनगरची_मंजिरी
सोमवार, सायंकाळी ६.३५

काका, तुम्ही लिहायच्या आधीच झालं. सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या मजकूर सांगून झालाय, मुलानं शाळेत जायच्या आधी वहीत उतरवून घेतलाय, विषय, संदर्भ, मिनिट, सेकंद, 'सबब योग्य ती दुरुस्ती करून तसे कळविण्यात यावे' पर्यंत सगळं. आत्ता ऑफिसातून येताना कार्ड आणलं. पोस्टातल्या ताईंनी मला दोनदा विचारलं, एकच हवंय का?

मी हो म्हणून एकच आणलं तर घरी ओरडा खाल्ला. दोन सांगितली होती म्हणे. दुसरं कशाला विचारलं तर म्हणाले, महिन्याभरात उत्तर नाही आलं की स्मरणपत्र नको का पाठवायला.